तिसरा बदल

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "बाई, तुमची सगळी हयात कारखान्यात गेली. बाहेरच्या माणसांच्या कल्पना कंपन्या कशा उचलून धरतात, यावर आमच्या दिवाळी अंकाला काहीतरी लिहा. तरुणांना प्रेरणा मिळेल." मी म्हटलं, "उचलतात हे खरं. धरतात कशा ते लिहू का?" ते हसले. बाई विनोद करतायत असं त्यांना वाटलं. मी विनोद करत नव्हते. ज्यांना प्रेरणा हवी असेल त्यांनी पान उलटून पुढच्या लेखाकडे जावं. तिथं कुणीतरी शून्यातून विश्व उभं केलेलं असेलच.

मी साताऱ्याकडच्या औंधजवळच्या एका खेड्यातली. वडील फौजेत होते. घरात त्यांची पत्रं यायची आणि शिस्त यायची. मी ड्रॉइंगचा कोर्स केला आणि कराडजवळच्या एका शेती अवजारांच्या कारखान्यात ट्रेसर म्हणून चिकटले. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या चित्रावर पातळ कागद ठेवून तेच पुन्हा काढणारा माणूस. त्या काळात ते काम बायकांना द्यायचे, कारण बायकांचा हात हलका असतो म्हणे. पुढं कॉम्प्युटर आले, ट्रेसर गेले, आणि मी सरकत सरकत चाचणी विभागाची प्रमुख झाले. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राच्या चाचणीच्या कागदावर शेवटची सही माझी. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. संपादकांना कोर्टाची पायरी चढायची नाही आणि मला ते नाव तोंडात घ्यायचं नाही.

आमचं मुख्य यंत्र कडबाकुट्टीचं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. जनावराला अख्खी वैरण टाकली की ते निम्मी खातं आणि निम्मी तुडवतं. म्हणून ती बारीक करायची. यंत्राच्या तोंडात कडब्याची पेंढी सरकवली की दोन दातेरी रूळ ती आत ओढतात. आत पाती बसवलेलं एक भलंमोठं जड चाक फिरत असतं, ते कापत जातं. मोटर चाकाला फिरवते, चाक रुळांना. बस, एवढंच यंत्र. साताऱ्या-सांगलीत म्हशीच्या गोठ्याला लागून ते नाही असं घर शोधावं लागेल.

आणि ते चालवतं कोण? बाई. बाप्या ते विकत आणतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, शेजारी उभं राहून फोटो काढतो आणि मोबाइलवर टाकतो. त्यानंतर ते यंत्र बाईचं. रुळांना कडबा कुठला आणि बोटं कुठली ते कळत नाही. पेंढीत हात गुंतला, नाहीतर पदर गेला, की रूळ सारख्याच वेगानं आत ओढतात. आमच्या यंत्रांनी किती हात खाल्ले याचा हिशेब कंपनीत कुणीच ठेवला नाही. हात गमावलेली बाई कारखान्याच्या दारात तक्रार घेऊन येत नाही. तिलाच चार जण म्हणतात, लक्ष कुठं होतं तुझं?

आता बाहेरच्या कल्पनांबद्दल. फाटकावर माणसं यायचीच. खंडाळ्याकडचे एक निवृत्त गुरुजी दर मंगळवारी यायचे. पाण्याच्या पाइपला लोहचुंबक बांधला की पीक दुप्पट येतं, हा त्यांचा शोध. पाइप कुठल्याही कंपनीचा चालेल, चुंबक मात्र त्यांचाच हवा. मी त्यांना चहा पाजून परत पाठवायची. ते म्हणायचे, "बाई, एक दिवस पस्तावाल." पस्तावले, पण चुंबकासाठी नाही. वाळव्याकडचा एक माजी फौजी फवारणीच्या पंपासाठी न तुंबणारं तोंड घेऊन आला. ते खरंच तुंबत नव्हतं. ते कंपनीनं घेतलं, आणि त्याला साधं आभाराचं पत्रसुद्धा गेलं नाही.

का गेलं नाही, तर आमच्याकडे एक रीत होती. थोरल्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, घालून दिलेली. बाहेरची वस्तू आहे तशी घ्यायची नाही. तीन ठिकाणी बदलायची, नव्यानं काढायची, आणि मग तिला आपला ड्रॉइंग नंबर द्यायचा. तीन बदल झाले की ती आपली. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. दोन बदलांवर डिझाइन खात्यातून कागद माघारी यायचा, "तिसरा कुठाय?" अशी पेन्सिलची खूण करून. त्या फौजीच्या तोंडाचे तीन बदल मीच ट्रेस केले. भोक थोडं मोठं, कोपरा गोल होता तो चौकोनी, पितळेच्या जागी दुसरा धातू. कुणाचं काही बिघडलं नाही, आणि त्या माणसाचं नाव तेवढं पुसलं गेलं. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट गोल कोपरा चौकोनी करायला मी पटाईत आहे याचा अभिमान होता. आज त्या अभिमानाची शिसारी येते.

मग त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, परदेशातून शिकून आले आणि कारभार बघायला लागले. गोड माणूस. सगळ्यांना नावानं हाक मारायचे. त्यांनी फाटकावर मोठा फलक लावला, "कल्पना तुमची, ताकद आमची". आत काचेची एक खोली केली आणि त्यात बसायला रंगीत गाद्यांच्या पिशव्या टाकल्या. त्यात एकदा बसलं की उठवायला दुसरा माणूस लागायचा. आता म्हणे बाहेरच्या माणसांसाठी कंपनीची दारं सताड उघडी. मला खरं वाटलं. मूर्ख मी.

त्याच वर्षी सिदबा आला.

आटपाडीच्या पलीकडच्या माळावरचा. घरची मेंढरं, थोडी जिरायत, आणि रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान. वय चाळिशीच्या आतबाहेर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पिकअपमध्ये आमचंच एक जुनं कुट्टीयंत्र घालून फाटकावर उभा होता. वॉचमन आत सोडेना म्हणून मला बोलावणं आलं.

"काय आणलंय?" मी विचारलं.

"तुमचंच मशिन हाय, ताई. बघा तरी काय केलंय त्येचं."

"बिघडलंय का?"

"मशिन न्हाई बिघडलं. आमच्या अक्काचा हात बिघडला."

यंत्राच्या तोंडासमोर, पोटाच्या उंचीवर, त्यानं एक आडवा पाइप बसवला होता. साधा पाण्याचा पाइप, पार गंजलेला. त्याला जोडलेली एक दांडी बाजूनं मागं गिअरपर्यंत गेली होती. चाचणीच्या शेडमध्ये आम्ही यंत्र चालू केलं. सिदबानं एका काठीला ओलं पोतं गुंडाळलं आणि रुळांत घातलं. रुळांनी ते पकडलं. त्याबरोबर तो पुढं झुकला, पोटानं पाइप दाबला गेला, खट्ट आवाज आला. रूळ सुटले, स्प्रिंगनं उलटे फिरले आणि पोतं बाहेर आलं. आत चाक गरगर फिरतच होतं.

"हात गावला की माणूस काय करतंय, ताई?" तो म्हणाला. "बटन हुडकत बसतंय व्हय? वरडतंय, आन् अंग म्होरं वडलं जातंय. मग म्होरं जाणाऱ्या अंगानंच मशिन सोडवाय पायजे."

"आणि चाक?"

"चाकाच्या वाट्याला मी जातच न्हाई. ते लय जड हाय. मोटर बंद केली तरी ते कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई, फिरतंयच. आन् त्येच्यासंगं रूळबी फिरत्यात. म्हनून पयलं रूळ सोडवायचं. चाक बसंना का फिरत."

मी मोजून पाहिलं. पाइप दाबल्यावर कडबा बोटाच्या पेराएवढासुद्धा पुढं गेला नाही. दहा वेळा पाहिलं. आमच्याकडे पाच इंजिनिअर होते, दोघं परदेशात जाऊन आलेले, आणि इतकं शहाणपणाचं काम मी त्या कारखान्यात तोवर बघितलं नव्हतं. मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या गावी गेले. घरोघरी यंत्र कसं वापरतात ते बघायला म्हणून कंपनीची गाडी घेतली होती, पण खरं म्हणजे मला अक्काला भेटायचं होतं. तानूबाई तिचं नाव. सिदबाची थोरली बहीण, नवरा वारल्यावर भावाकडे राहिलेली. उजव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक. तिनं मला डाव्या हातानं थापलेली भाकरी वाढली. "वाकडी हुतीया वो बाई," ती म्हणाली, "पर सिदा गप खातोय. आदी लय खोड्या काढायचा." शेजारची सूनही तिथं येऊन बसली होती. सुरेखा. नुकतं लग्न झालेली, हसरी, तोंडाळ. तिच्या घरी यंत्र नव्हतं, ती विळ्यानं वैरण तोडायची. "आमी न्हाई बाई ते घेत," ती म्हणाली. "भावजींचा बार बसवून कंपनी दील तवाच घिऊ." भावजी म्हणजे सिदबा, आणि बार म्हणजे त्याचा तो आडवा पाइप. सगळ्या आळीनं तेच ठरवलं होतं.

मी म्हटलं, "देईल. मी बघते."

मी कागद तयार केला. सिदबाचा बार जसाच्या तसा घ्यावा, प्रत्येक यंत्रावर बसवावा. धाकटे साहेब खूश झाले. त्यांनी सिदबाला काचेच्या खोलीत त्या गादीवर बसवून त्याच्याबरोबर फोटो काढला. सिदबा गादीत रुतला होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. कुठल्याशा कागदावर त्याची सही घेतली. "ताई, वाचलंसा न्हवं तुमी?" त्यानं विचारलं. मी वाचलं होतं. त्यात कल्पनेचे सगळे हक्क कंपनीचे असं होतं. त्याला ते सांगितल्यावर तो म्हणाला, "हक्क घिऊन मी काय करू? मशिनवर बसला म्हंजी झालं."

मग कागद डिझाइन खात्यात गेला. तिथले प्रमुख देसाई. हुशार माणूस, वाईट नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसावर चिडणं सोपं असतं. देसाई म्हणाले, "बाई, छानच आहे. पण ह्यात आपलं काय आहे?"

पहिला बदल, गोल पाइपच्या जागी चपटी पट्टी आणि त्यावर कंपनीचं नाव. माझी तक्रार नव्हती. दुसरा बदल, पट्टी पोटावरून उचलून छातीच्या उंचीवर नेली. विक्रेत्यांपुढं यंत्र चालवताना एकजण नुसता टेकला आणि यंत्र थांबलं, ते विक्रीवाल्यांना रुचलं नाही. मी भांडले. म्हटलं, पुण्याच्या साहेबाची छाती ती माणदेशातल्या बाईचा गळा. तासभर हुज्जत घातल्यावर पट्टी चार बोटं खाली आली. मी जिंकले असं समजून जेवायला गेले.

परत आले तो तिसरा बदल झालेला. गिअरकडे जाणारी दांडी काढून टाकली होती. तिच्या जागी पट्टीच्या मागं एक विजेचा स्विच. पट्टी दाबली की मोटर बंद.

"देसाई, रूळ सुटणार नाहीत मग," मी म्हटलं. "मोटर बंद झाली तरी चाक फिरत राहणार. रूळही."

"थांबेल की ते. कितीसा वेळ लागणार आहे?"

"दांडी ठेवा ना. काय बिघडलं त्यात?"

"दांडी त्याची आहे, बाई. ती ठेवली तर यात आपलं काय उरतं? नंबर मिळायचा नाही."

मी सांगते ते नीट ऐका. पैसे वाचवायला नाही, वेळ वाचवायला नाही. तिसरा बदल हवा म्हणून तो तिसरा बदल केला. दुसरं काहीही कारण नव्हतं. ज्या एका दांडीत त्या माणसाचं सगळं डोकं होतं, तीच काढली आणि राहिलेल्या पट्टीला त्याची कल्पना म्हटलं.

यंत्र चाचणीला माझ्याकडे आलं. मी पट्टी दाबली. मोटर लगेच बंद झाली. चाक फिरत राहिलं आणि कडबा आणखी आत गेला. मी खूण करून मोजला. एक वीत. पुन्हा केलं, पुन्हा एक वीत. वीत म्हणजे काय हे आपण सगळे आपला पंजा पसरूनच मोजतो. मी माझा पंजा त्या कडब्याशेजारी धरला आणि चटकन मागं घेतला.

चाचणीच्या छापील कागदावर एक रकाना होता, "सुरक्षा पट्टी दाबल्यावर मोटर बंद होते का?" दुसरा रकाना नव्हता. देसाईंना मी तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मोटर बंद होते की नाही, एवढंच आपण तपासतोय. होते ना?" धाकटे साहेब जाता जाता डोकावले आणि म्हणाले, "बाई, प्रदर्शन आठ दिवसांवर आलंय हं." हसून म्हणाले. मी लिहिलं, "मोटर तत्काळ बंद होते. समाधानकारक." आणि सही केली.

मला कुणी धमकावलं नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला माझी कीव यायची. कुणी नोकरी जाईल म्हटलं नाही, आवाज चढवला नाही. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, रोजचं भांडण नको वाटलं, आणि मनाला समजावलं की काहीच नसण्यापेक्षा हे बरं. हे बरं नव्हतंच. उघडं यंत्र असलं तर बाई घाबरून हात मागं ठेवते. पट्टी बघून ती निर्धास्त होते. ही गोष्ट मला, कुट्टीयंत्राशेजारी लहानाची मोठी झालेल्या बाईला, कळायला हवी होती. कळत होती.

प्रदर्शनात मांडव होता, फुलं होती. सिदबाला फेटा बांधला, शाल दिली, काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. पत्रकावर त्याचा फोटो. धाकटे साहेब माइकवरून म्हणाले की कल्पना फक्त मोठमोठ्या प्रयोगशाळांत जन्मत नाही, ती माळावरच्या झोपडीतही जन्मते. टाळ्या पडल्या. सिदबाचं घर चांगलं स्लॅबचं आहे. पण भाषणात झोपडी बरी दिसते.

भाषणं संपल्यावर सिदबा फेट्यासकट यंत्राजवळ गेला. त्यानं पट्टी दाबून पाहिली, मग वाकून बाजूला पाहिलं. मग मागं. गावची पाचसहा माणसं त्याच्याबरोबर होती. त्यानं मला हाक मारली.

"ताई, हितली दांडी कुठं हाय वो? गिअरला जोडल्याली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेजारी धाकटे साहेब उभे होते, पत्रकार उभा होता.

"आता इलेक्ट्रिक केलंय, सिदबा," मी म्हटलं. "नवीन पद्धत."

"पर रूळ सुटत्यात न्हवं?"

"थांबतात."

त्यानं पुन्हा एकदा वाकून मागं पाहिलं. मग म्हणाला, "तुमी बघितलंय न्हवं सोता?"

"व्हय. बघितलंय. चांगलं आहे."

"तुमी बघितलंय म्हंजी झालं," तो म्हणाला, आणि गावच्या माणसांकडे वळून मोठ्यानं, "घ्या रं. ताईंनी बघितलंय."

त्या आळीत सात यंत्रं गेली. एक सुरेखाच्या घरी.

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. मी शेडमध्ये होते. "ताई," तो म्हणाला, "सुरेखाचा हात ग्येला." त्याच्या आवाजात राग नव्हता, काही समजत नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. "पट्टी दाबली हुती तिनं. मोटर बंदबी पडली. पर मशिन वडतच राहिलं, ताई. आसं कसं झालं?"

आसं कसं झालं! मला माहीत होतं कसं झालं. मी म्हटलं, "बघते मी." दुसऱ्यांदा तेच वाक्य.

कारखान्यात मीटिंग बसली. मला वाटलं, आता तरी दांडी परत येईल. अडीच तासांनी ठरलं की यंत्राच्या तोंडाशी पिवळा स्टिकर लावायचा, "यंत्रात हात घालू नये." म्हणजे आजवर बायका हौसेनं घालत होत्या! मी तिथं ओरडले. नोकरीत पहिल्यांदा ओरडले. धाकट्या साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि म्हणाले, "बाई, आता दांडी बसवली तर आधीची यंत्रं चुकीची होती असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. वकिलांचं तसं मत आहे." किती गोड बोलतात ही माणसं. जनाची नाही, मनाचीही नाही, आणि वर पाणी मागवतात.

सिदबानं मात्र कुणाची मीटिंग बोलावली नाही. त्यानं वेल्डिंगचं सामान पिकअपमध्ये टाकलं आणि आळीतल्या उरलेल्या सहा घरी जाऊन आमच्या पट्ट्या कापून काढल्या. आपला पाइप, आपली दांडी बसवली. मग शेजारच्या गावात गेला. लोक बोलवायला लागले. दोनतीन महिन्यांत ही बातमी विक्रेत्यांकडून कंपनीत आली. आणि मग कंपनीनं काय केलं म्हणता? त्याला वकिलाची नोटीस पाठवायचं ठरवलं. अंगाच्या दाबानं यंत्र थांबवणारी पट्टी ही आता कंपनीची नोंदवलेली रचना आहे, ती परवानगीशिवाय बसवणं गुन्हा आहे, आणि त्याच्या हस्तक्षेपामुळे यंत्रं धोकादायक होत आहेत. त्याचीच वस्तू, त्याच्यावरच नोटीस. डोकं भणाणून गेलं माझं.

नोटिशीला जोडायला तज्ज्ञाचं मत हवं होतं, की सिदबानं केलेली जोडणी असुरक्षित आहे. चाचणी विभागाचं मत. म्हणजे माझं. देसाईंनी मजकूर तयारच करून आणला, सहीपुरती जागा ठेवून.

मी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हातानं लिहिलं. सिदबाच्या जोडणीनं कडबा पेरभरही आत जात नाही. कंपनीच्या जोडणीनं एक वीत आत जातो. हे मला प्रदर्शनाच्या आधीपासून माहीत होतं. खाली सही, हुद्दा. खाली जाऊन आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला आणि त्याची एक झेरॉक्स पर्समध्ये ठेवली. देसाई पांढरेफटक पडले. म्हणाले, "बाई, दोन महिने राहिले होते तुमचे. काय मिळवलंत?" काही मिळवलं नाही. नोटीस मात्र गेली नाही. त्यांनी मला त्याच आठवड्यात रजेवर जायला सांगितलं आणि निरोप समारंभाला बोलावलं नाही. फाटकावरचा फलक अजून आहे. मध्येच कधीतरी बसमधून दिसतो. यंदा त्यांनी बाहेरच्या कल्पनांची स्पर्धा ठेवली आहे म्हणे, बक्षीस मोठं आहे. तरुण मित्रांनो, जरूर जा. आपल्या वस्तूत मुख्य काय आहे ते मात्र फाटकाबाहेर चार जणांना दाखवून, व्हिडिओ करून, मगच आत जा.

झेरॉक्स घेऊन मी सिदबाच्या गावी गेले. सुरेखाच्या माणसांनी वकील गाठला होता, त्यांना तो कागद कामाला येणार होता. पोस्टानं पाठवता आला असता. मला ते लाजिरवाणं वाटलं.

सुरेखा सोप्यात बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत होता, पदराखाली. शेजारी तानूबाई तिला गुडघ्यानं पोळपाट दाबून डाव्या हातानं लाटणं कसं फिरवायचं ते दाखवत होती. सिदबा अंगणात यंत्राचा नट आवळत होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढंच. मी कागद सुरेखाच्या नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो मोठ्यानं वाचला, अडखळत, शेवटच्या ओळीपर्यंत.

"म्हंजी तुमाला आदीच ठावं हुतं?" सुरेखानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

"भावजींनी इचारलं हुतं की वो तुमाला. समद्यांम्होरं इचारलं हुतं."

"विचारलं होतं."

"मग?"

मी सगळ्या कंपनीवर चिडून तिथवर गेले होते, देसाईंवर, धाकट्या साहेबांवर, त्या तीन बदलांवर. त्या पोरीच्या एका शब्दापुढं त्यातलं काहीही सांगण्याजोगं उरलं नाही.

अंगणातला पाना थांबला होता. सिदबा उठला, हात टॉवेलला पुसले, आणि माझ्याकडे न बघता सुरेखाच्या नवऱ्याला म्हणाला, "म्याडमची यष्टी चुकंल रं. स्टँडवर सोडून ये त्यास्नी."

पहिल्या दिवसापासून मी त्याची ताई होते.